‘मराठीत संधिप्रकाशाला किती शब्द?’ हा संशोधनाचा प्रश्न का होत नाही



२७ फेब्रुवारी जवळ आला, मराठी भाषा गौरव दिनाची गडबड सुरू झाली, की एक ठरावीक यादी फोनवर फिरायला लागते. सूर्य उगवायच्या आधीच्या आणि मावळल्यानंतरच्या अर्धवट उजेडाला मराठीत किती शब्द आहेत बघा: पहाट, झुंजूमुंजू, उषःकाल, अरुणोदय, ब्राह्ममुहूर्त, रामप्रहर, सांज, तिन्हीसांज, दिवेलागण, कातरवेळ, गोरज, संधिप्रकाश. शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: इंग्रजीवाले हे सगळं दोन-तीन शब्दांत उरकतात, आपली मायमराठी किती श्रीमंत!

फोनवर फिरणाऱ्या यादीबद्दल माझी काही तक्रार नाही. वाचून बरं वाटतं, एखादा विसरलेला शब्द आठवतो. तक्रार सुरू होते ती हीच यादी पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये येऊन बसते तेव्हा. विषय: ‘मराठीतील संधिप्रकाशवाचक शब्दांचा अभ्यास’. उद्दिष्ट पहिलं: शब्द संकलित करणे. उद्दिष्ट दुसरं: भाषेची समृद्धी स्पष्ट करणे. विषय सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण हा सिनॉप्सिस घेऊन तुम्ही संशोधन समितीसमोर बसलात की समोरून पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येईल, ‘बरं, शब्द गोळा झाले. मग?’ त्या ‘मग?’ला यादीकडे उत्तर नसतं.

आजच्या लेखात या यादीवरच टीका करायची आहे, आणि ती करता करता विषय वाचवायचाही आहे. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. या यादीतले बहुतेक शब्द उजेडाची नावं नाहीत. ती वेळेची, कामाची आणि घरातल्या नियमांची नावं आहेत. सगळ्यांवर ‘संधिप्रकाशवाचक’ अशी एकच चिठ्ठी चिकटवली की नेमकं तेच पुसलं जातं. आता नुसतं म्हणून चालणार नाही, दाखवावं लागेल. म्हणून एक एक पायरी घेऊ.

मोजणीचा मोह

शब्द मोजून भाषेची श्रीमंती ठरवण्याचा खेळ जुना आहे, आणि त्याची एक गाजलेली गोष्ट प्रत्येक संशोधन विद्यार्थ्याला माहीत असायला हवी. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली अमेरिकेतल्या मूळ भाषांवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एस्किमो भाषेतले बर्फाचे चार शब्द दिले: जमिनीवरचं बर्फ, पडणारं बर्फ, वाऱ्याने सरकणारं बर्फ आणि साचलेला बर्फाचा ढीग. त्यांचा मुद्दा मोजणीचा नव्हताच. इंग्रजीत पाण्यासाठी नदी, तळं, पाऊस, दव असे वेगवेगळ्या मुळांतून आलेले शब्द आहेत, तसंच तिथे बर्फाचं आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पुढे १९४० साली बेंजामिन ली व्होर्फ यांनी हे उदाहरण एका लेखात वापरलं, आणि तिथून ते पाठ्यपुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत पोचेपर्यंत आकडा फुगत गेला. १९८६ साली लॉरा मार्टिन यांनी हा सगळा प्रवास शोधून काढला. जेफ्री पुलम यांनी त्यावर खवचट निबंध लिहिला, आणि ‘एस्किमोंचे बर्फाचे शब्द’ ही भाषाशास्त्रातली थट्टेची गोष्ट झाली.

गोष्ट इथेही संपत नाही. २०१० साली इगोर क्रुपनिक आणि लुडगर म्युलर-विले यांनी पुन्हा त्या भाषांकडे बघितलं आणि दाखवलं, की बर्फ आणि हिम यांची तिथली शब्दसंपदा खरोखरच मोठी आहे, बोआस तितके चुकलेले नव्हते. म्हणजे फुगवलेला आकडा फेकून द्यायचा, पण त्याबरोबर विषयही फेकून द्यायचा नाही. कोणत्या बर्फावरून चालता येतं, कोणतं पायाखाली फुटेल, हे ज्याला रोज ठरवावं लागतं त्याच्या भाषेत ते शब्द काय काम करतात, हा खरा प्रश्न. आपल्या यादीलाही हाच प्रश्न विचारायचा आहे.

मोजणीत आणखी एक अडचण आहे. मोजायचं काय? ‘पहाट’ आणि ‘भल्या पहाटे’ हे एक की दोन? ‘तांबडं फुटणं’ हा शब्द की वाक्प्रचार? ‘उषा’, ‘उषःकाल’, ‘प्रभात’ हे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द मराठीच्या खात्यावर घालायचे का? घातले, तर बाकीच्या भारतीय भाषांनीही तेच शब्द घेतलेत. मग श्रीमंती नेमकी कोणाची? यादीत एकूण आकडा किती येतो हे तुम्ही आधी कोणते नियम लावले त्यावर ठरतं. म्हणून आकडा हा निष्कर्ष म्हणून लिहू नका.

आकाशात बघू या

आता दुसरी पायरी. समजा हे शब्द खरोखर उजेडाच्या पातळ्यांचीच नावं आहेत. मग ते आकाशाशी ताडून बघता यायला हवेत.

खगोलशास्त्रात संधिप्रकाशाचे तीन भाग करतात. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश, १२ अंशांपर्यंत नाविक, आणि १८ अंशांपर्यंत खगोलीय. त्यानंतर पूर्ण रात्र. सूर्य क्षितिजाला किती तिरका जातो यावर या भागांची लांबी ठरते. विषुववृत्ताजवळ तो जवळपास सरळ खाली उतरतो, त्यामुळे अंधार लवकर पडतो. पुण्याच्या अक्षांशावर नागरी संधिप्रकाश वर्षभरात साधारण २२ ते २४ मिनिटं टिकतो. मार्च-सप्टेंबरच्या सुमाराला लंडनमध्ये तोच ३३ मिनिटांच्या आसपास असतो. जूनच्या उत्तरार्धात तर लंडनमध्ये सूर्य १८ अंशांपर्यंत खाली जातच नाही, म्हणजे व्याख्येनुसार रात्रभर खगोलीय संधिप्रकाशच.

यातून एक सोपं गृहीतक निघतं: जिथे अर्धवट उजेड जास्त वेळ टिकतो, तिथे त्याला शब्द जास्त. गौरव दिनाची यादी आणि हे गृहीतक शेजारी ठेवा. लंडनकरांकडे उजेड जास्त आणि (यादीच्या म्हणण्यानुसार) शब्द कमी, आपल्याकडे जेमतेम वीस-बावीस मिनिटं आणि शब्द डझनभर! म्हणजे शब्दांचं कारण उजेडाच्या लांबीत सापडत नाही. कारण दुसरीकडे शोधायला हवं. बघा, गृहीतक खोटं ठरलं तरी आपण एक पाऊल पुढे आलो. सिनॉप्सिसमध्ये असं एखादं खोटं ठरू शकणारं गृहीतक असणं ही जमेची बाजू असते.

आता एक गमतीचं उदाहरण. ‘अरुणोदय’ या शब्दात अरुण आहे, म्हणजे तांबूस रंग. ऐकल्यावर पूर्वेची लाली डोळ्यांपुढे येते. पण एकादशीचा निर्णय करताना धर्मशास्त्रात अरुणोदय म्हणजे सूर्योदयाआधीच्या चार घटिका. एक घटिका २४ मिनिटांची, म्हणजे ९६ मिनिटं. मार्च-सप्टेंबरमध्ये पुण्याला सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सूर्य क्षितिजाखाली जवळपास २३ अंश असतो. १८ अंशांपलीकडे पूर्ण रात्र, हे आपण आत्ताच बघितलं. म्हणजे नावात लाली असलेला हा काळ सुरू होतो तेव्हा आकाशात लालीचा मागमूस नसतो. ब्राह्ममुहूर्ताचंही तसंच. रात्रीच्या पंधरा मुहूर्तांपैकी तो चौदावा, एक मुहूर्त ४८ मिनिटांचा धरला तर सूर्योदयाआधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंत. हे शब्द आकाशाकडे बघून नाही, पंचांगाकडे बघून वापरायचे आहेत. यादीत मात्र अरुणोदय, ब्राह्ममुहूर्त आणि झुंजूमुंजू शेजारी शेजारी बसलेले असतात, जणू तिघांचा अर्थ एकच.

विभक्ती लावून बघा

तिसरी पायरी व्याकरणाची, आणि ही कसोटी तुम्ही आत्ता बसल्या जागी करू शकता. प्रत्येक शब्दाला ‘केव्हा?’चं उत्तर म्हणून वाक्यात घाला.

आपण ‘पहाटे आलो’ म्हणतो, ‘संध्याकाळी आलो’ म्हणतो, ‘कातरवेळी’, ‘तिन्हीसांजेला’, ‘दिवेलागणीला’ म्हणतो. पण ‘संधिप्रकाशी आलो’ असं कोणी म्हणत नाही. संधिप्रकाशाला ‘-त’ लागतो: ‘संधिप्रकाशात झाडं काळी दिसत होती.’ म्हणजे संधिप्रकाशात उभं राहता येतं, तो भोवती पसरलेला असतो. पहाट ही वेळ आहे. तिच्यातला उजेड सांगायचा असेल तर वेगळा शब्द जोडावा लागतो: ‘पहाटेच्या उजेडात’, ‘तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशात’. उजेड शब्दातच असता तर तो पुन्हा जोडावा लागला नसता.

दुसरी कसोटी क्रियापदाची. पहाट होते, सांज होते, दिवेलागण होते, तिन्हीसांजा होतात (अनेकवचन लक्षात घ्या). संधिप्रकाश ‘पसरतो’, ‘झाला’ म्हणत नाहीत. दोन साध्या कसोट्यांनी यादीतला एक शब्द बाकीच्यांपासून बाजूला पडला. आणि गंमत म्हणजे ज्या शब्दाच्या नावाने आपण सगळी यादी करतो, तोच हा शब्द! पुस्तकी, परिभाषेत शोभणारा, आणि घरातल्या बोलण्यात जवळपास न येणारा. सगळ्या यादीचा मथळा तोच असल्यामुळे बाकीच्यांनाही उजेडाचेच शब्द समजण्याची सवय आपल्याला लागली आहे.

मग मराठीत त्या उजेडाची दखल घेतलीच जात नाही का? घेतली जाते, पण ती नामांपेक्षा क्रियापदांत, आणि मुख्यतः सकाळी. तांबडं फुटतं. फटफटतं. उजाडतं. ‘उजाडलं’ म्हणताना शेजारी ‘उजेड’ उभा असतो, ‘फटफटलं’ म्हणताना पांढरंफटक आठवतं, तांबड्यात तर रंगच आहे. संध्याकाळचं बघा: दिवस कलतो, मावळतो, बुडतो. ही सगळी सूर्याच्या जाण्याची क्रियापदं. आणि ‘सांजावतं’.

नेट-सेट किंवा स्पर्धा परीक्षेसाठी व्याकरण वाचलेल्यांना ‘भावकर्तृक क्रियापद’ आठवत असेल, ज्याला वेगळा कर्ता नसतो. उजाडणे आणि सांजावणे ही त्याची ठरलेली उदाहरणं, आपण ती जोडीने पाठ करतो आणि पुढे जातो. जरा थांबून बघितलं तर जोडी सारखी नाही. उजाडणं उजेडाच्या घरातलं आहे. सांजावणं सांजेपासून झालं, आणि सांज आली संस्कृत ‘संध्या’पासून, प्राकृतातल्या ‘संझा’मार्गे. म्हणजे एकाच्या पोटात उजेड आहे, दुसऱ्याच्या पोटात वेळेचं नाव. संध्याकाळी अंधाराचं क्रियापद आहे ना, असं तुम्ही म्हणाल: ‘अंधारून आलं.’ पण ते भर दुपारी ढग दाटले तरी म्हणतात. याउलट दुपारी ढग पांगले तर आपण ‘उघडलं’ म्हणतो, ‘उजाडलं’ म्हणत नाही. उजाडणं सकाळीच होतं. ‘आत्ता उजाडलं होय तुला?’ असं उशिरा येणाऱ्याला खवचटपणे म्हणतात, तेही याच पक्क्या नात्यामुळे.

तर हा झाला एक छोटा, तपासता येणारा निष्कर्ष: मराठी सकाळचा उजेड क्रियापदांत सांगते, आणि संध्याकाळी उजेडाऐवजी सूर्याचं जाणं किंवा वेळ सांगते. खरा असेल तर टिकेल, खोटा असेल तर कोणीतरी उदाहरण देऊन पाडेल. यादीला कोणी पाडू शकत नाही, कारण तिने काही दावाच केलेला नसतो.

वेळ कोणाची, काम कोणाचं

संध्याकाळच्या नामांत उजेड नाही, मग काय आहे? काम आहे, आणि मनाई आहे.

दिवेलागण म्हणजे दिवे लावायची वेळ. गोरज म्हणजे रानातून परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ. तिन्हीसांज तर नियमांनीच भरलेली: तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये, नखं कापू नयेत, दारात रडत बसू नये. हे ऐकत वाढलेल्या माणसाला ‘तिन्हीसांजा झाल्या’ या वाक्याचा अर्थ ‘प्रकाश कमी झाला’ असा लागत नाही. ‘ऊठ, दिवा लाव’ असा लागतो. ते वर्णन दिसतं, पण घरात ते सूचनेचं काम करतं.

‘संध्या’ची गोष्टही बघा. संस्कृत परंपरेत संध्या सकाळची असते, दुपारची असते, संध्याकाळचीही असते. त्रिकाल संध्या म्हणतात ती हीच. मराठी ‘संध्याकाळ’ मात्र एकाच वेळेला चिकटला. ज्यांची मुंज होत असे त्यांच्यापुरता असलेला विधी, आणि त्याचं नाव असलेला शब्द आज मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाचा. शब्द विधीला मागे टाकून पुढे निघून गेला.

गोरजचा प्रवास याहून वेगळा. गोठे गेले, गुराखी गेले, शहरात गुरांची धूळ उडायचा प्रश्न नाही. पण लग्नपत्रिकेत ‘गोरज मुहूर्तावर’ आजही छापलं जातं, आणि वाचणाऱ्याला त्यातून फक्त ‘संध्याकाळचं लग्न’ एवढं कळतं. दिवेलागणीचं काम बटणाने एका सेकंदात होतं. तरी कायद्यात दिवेलागण अजून आहे! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ सांगतो, की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत रस्त्यावरच्या गाडीचे दिवे लावलेले हवेत. आपल्या नागरी संधिप्रकाशाच्या २२-२४ मिनिटांच्या किती जवळ आहे ते बघा. दिवे कधी लावायचे हे पूर्वी घरातली बाई ठरवत होती, रस्त्यावर ते नियम ठरवतो. दोन्हीकडे प्रश्न तोच: आता दिसेनासं झालं, काय करायचं?

इथे यादीवरचा माझा सगळ्यात मोठा आक्षेप येतो. यादी करणारा स्वतःच्या घरातले आणि वाचलेल्या पुस्तकांतले शब्द घेतो आणि त्यांना ‘मराठीतले’ म्हणतो. मराठी बोलणाऱ्या मुसलमान घरांत ‘मगरीब’ रोज म्हटलं जातं, रमजानमध्ये ‘सहरी’ आणि ‘इफ्तार’ने दोन्ही संधी मोजल्या जातात. एकाही यादीत हे शब्द मला दिसलेले नाहीत. ‘रामप्रहर’ येतो, ‘रामपारी’ येत नाही. ‘झुंजूमुंजू’ येतो, ‘झुंजुरकं’ येत नाही. अरुणोदय आला आणि मगरीब राहिला, तर ती यादी मराठीची नाही, यादी करणाऱ्याची आहे.

पहाट रम्य कोणासाठी?

आता साहित्यातल्या अभ्यासाबद्दल. आपल्या नोट्समध्ये एक वाक्य साच्यातून काढल्यासारखं येतं: पहाट म्हणजे आशा, कातरवेळ म्हणजे विरह. कविता कोणतीही असो, समीकरण तेच.

कातरवेळेपासून सुरुवात करू. तिची एक लोकप्रिय व्युत्पत्ती ऐकली असेल: दिवस आणि रात्र यांना कात्रीने कापणारी वेळ. ऐकायला छान आहे, आणि म्हणूनच सावध व्हा. व्युत्पत्ती छान असणं हा तिचा पुरावा नसतो. संस्कृतात ‘कातर’ म्हणजे भ्यालेला, व्याकूळ. मराठीत ‘कातर स्वर’, ‘मन कातर होणं’ हे प्रयोग जिवंत आहेत. शब्दाच्या सोबतीला कोण येतं ते बघितलं तर कातरवेळेबरोबर हुरहूर, आठवण, एकटेपणा येतात, कापणं-तोडणं येत नाही. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) हाताशी ठेवा, पण कोशातली नोंद बघून थांबू नका, प्रयोगही बघा.

आता कवीने कोणता शब्द निवडला याकडे लक्ष द्या. ग्रेस यांच्या १९६७ सालच्या संग्रहाचं नाव ‘संध्याकाळच्या कविता’ आहे. साधा, घड्याळासारखा रोजचा शब्द. त्यावर लिहिताना आपण लगेच ‘कातरवेळेची हुरहूर’ असं लिहून मोकळे होतो. कवीने जो शब्द शीर्षकात घेतला तो सोडून आपल्याला हवा तो घातला, की टीका कवितेवर राहत नाही, आपल्याच मनावर होते. ‘संध्याकाळ’ का, ‘सांज’ का नाही, असं विचारण्यापासून सुरुवात करा. उत्तर मिळो न मिळो, वाचन बदलेल.

आणि पहाट? गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा हा संग्रह आहे, आणि ग्रामीण भारतावर काम करणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ ऐकता-वाचता येतात. तुमच्या विषयासाठी याहून मोठी खाण शोधून सापडणार नाही. घर उठायच्या आत दळण संपवायचं, म्हणून बाई काळोखात जात्याशी बसायची. तिच्यासाठी पहाट ही कामाची पाळी होती. ‘पहाट म्हणजे आशा’ हे समीकरण या ओव्यांवर लावलं तर तिचे दुखरे हात नजरेआड होतात. दुसरीकडे, तिथे फक्त कष्टच आहेत असंही आधीच ठरवू नका. जात्याशी मन मोकळं करायला दुसरं कोणी जागं नसलेली तीच एक वेळ होती. शब्द एकच, पण दिवाणखान्यातली पहाट आणि जात्याजवळची पहाट वेगळी. संशोधन करायचं तर या फरकाचं करा.

कोशाने काय दिलं, काय गाळलं

तुमच्यापैकी बरेच जण कोशातून शब्द काढाल, काढायलाच हवेत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५० साली. दोन्ही आता संगणकावर शोधता येतात, आणि धोका तिथेच आहे.

मोल्सवर्थच्या संगणकीय प्रतीत तुम्ही संधिप्रकाशाचा इंग्रजी शब्द टाकून शोधलात, तर ज्या मराठी शब्दांच्या अर्थात तो इंग्रजी शब्द आला आहे तेवढेच हाती लागतील. एखाद्या शब्दाचा अर्थ ‘दिवे लावण्याची वेळ’ किंवा ‘गुरं परतण्याची वेळ’ असा दिला असेल, तर तो या शोधात येणार नाही. म्हणजे मराठीचं धान्य तुम्ही इंग्रजीच्या चाळणीतून चाळलंत, आणि खाली पडलं त्यालाच मराठी म्हणालात. उपाय सोपा आहे, फक्त वेळखाऊ: दिवा, गुरं, कोंबडा, जातं, दार, तारा अशा शब्दांनीही शोधा. उजेडाऐवजी कामाच्या वाटेने कोशात शिरा.

मग सिनॉप्सिसमध्ये लिहायचं काय?

विषय सोडू नका, प्रश्न बदला. ‘किती शब्द?’ऐवजी पुढच्यापैकी एखादा घ्या.

एक: दिवेलागण, तिन्हीसांज, गोरज या शब्दांमागचं काम बंद पडल्यावर शब्दांचा अर्थ कुठे सरकतो? तीन पिढ्यांच्या बोलीत हे ताडता येईल.

दोन: सकाळ-संध्याकाळच्या क्रियापदांत वर दाखवलेला फरक मराठीच्या सगळ्या बोलींत दिसतो का, की फक्त पुस्तकी मराठीत?

तीन: ओव्यांमधली पहाट आणि छापील कवितेतली पहाट कोणत्या क्रियापदांबरोबर, कोणत्या माणसांबरोबर येते?

आणि प्रत्यक्ष गावात जाऊन विचारणार असाल, तर आकाशाकडे बोट दाखवून ‘याला काय म्हणतात?’ असं विचारू नका. समोरची आजी तुम्हाला खूश करायला पुस्तकी शब्द सांगेल. ‘आजी, तुम्ही उठायचात केव्हा? उठल्यावर आधी काय करायचात? किती उजाडलंय हे कळायचं कशावरून?’ असं विचारा आणि तिला बोलू द्या. शब्द तिच्या गोष्टीतून आपोआप येतील, आणि येताना कामाला सोबत घेऊन येतील. प्रत्येक नोंदीबरोबर गाव, वय, घरातलं काम, तारीख आणि त्या दिवसाच्या सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ लिहा. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या.

एक आक्षेप मला आधीच ऐकू येतोय: ‘शब्द मरत चाललेत, निदान यादी करून ते जपू तरी दे!’ जपा की. पण ‘तिन्हीसांज = संधिप्रकाश’ एवढंच लिहून ठेवलंत, तर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला एक मृत शब्द आणि त्याचा चुकीचा अर्थ मिळेल. ती म्हणताना कोण कोणाला उठवत होतं, दारात काय ठेवलं जात होतं, कशाला मनाई होती, हे सोबत लिहिलंत तर वाचणाऱ्याला शब्द कळेल. आजी आहे तोवरच ते विचारता येणार आहे. यादी नंतरही करता येईल.

गृहपाठ देते. यादीतला एकच शब्द निवडा. घरात, बसमध्ये, जुन्या कादंबरीत, कुठूनही त्याची वीस वाक्यं गोळा करा. प्रत्येक वाक्यापुढे लिहा: विभक्ती कोणती, क्रियापद कोणतं, बोलणारं कोण, त्या वेळी काय चाललं होतं. विसाव्या वाक्यापर्यंत पोचलात की सिनॉप्सिसचं पहिलं पान लिहायला घ्या.